चाकांवरचे घर आणि सातपुड्याची वाट

सातपुडा पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात, बुऱ्हाणपूर शहरालगत बहादरपूर हे जुने गाव आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील अखेरचा सुलतान बहादूरखान याच्याशी गावाचे नाव जोडले जाते. मोगल अमदानीत बहादरपूर ही बुऱ्हाणपूरच्या तटाबाहेरील सधन व्यापारी पेठ होती. जानेवारी १६८१ च्या अखेरीस सरनोबत हंबीरराव मोहिते यांच्या फौजा बुऱ्हाणपुरावर चालून आल्या, तेव्हा लुटल्या गेलेल्या पुऱ्यांत बहादरपूरचे नाव प्रामुख्याने येते. आज हे गाव मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा झालेला बुऱ्हाणपूर जिल्हा महाराष्ट्राच्या जळगाव, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांना लागून आहे. येथील बाजार, केळीच्या बागा, सोयरिकी आणि मराठी बोलणारी घरे पाहता राज्याची सीमा ओलांडल्याचे फारसे जाणवत नाही.

या परिसरातून डोंगरात शिरणाऱ्या दोन वाटा पर्यटकांच्या परिचयाच्या आहेत. एक वाट उत्तरेस असीरगडाखालून खांडव्याकडे जाते. दुसरी पूर्वेस खकनार, देडतलाई या गावांवरून महाराष्ट्रातील धारणीस पोहोचते व पुढे मेळघाटातून सेमाडोह, चिखलदरा, परतवाडा या बाजूस वळते. निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन घेऊन अशा वाटांनी हिंडण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. हे वाहन कसे असते, दोघांनी ते घाटातून कसे न्यावे आणि ज्या गावात ते मुक्कामास थांबते त्या गावाने कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रवाशांइतकीच ग्रामस्थांनाही असणे अगत्याचे आहे.

जुन्या वाटा, जुने मुक्काम

बिऱ्हाड बरोबर घेऊन प्रवास करणे या वाटांना नवीन नाही. मोगल बादशहा मोहिमेवर निघे तेव्हा त्याच्या निवासाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात मुक्काम असताना दुसरा पुढच्या तळावर रवाना होई. या आघाडीच्या संचास पेशखाना म्हणत. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून बायकामुलांसह वर्षानुवर्षे वाटेवरच संसार करीत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरास आला. सराईत त्याला ज्या खोल्या देण्यात आल्या, त्या त्याला भट्टीसारख्या कोंदट व लहान वाटल्या. अखेर त्याने बरोबर आणलेल्या स्वतःच्या तंबूंचाच आसरा घेतला. परमुलखात आपली निवाऱ्याची सोय आपल्याजवळ असावी, ही आजच्या प्रवाशाची इच्छा चारशे वर्षांपूर्वीही होती.

केवळ हौसेखातर घर चाकांवर घालून हिंडण्याची आधुनिक पद्धत मात्र ब्रिटनमध्ये सुरू झाली. आरमारातील निवृत्त डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी घोड्यांनी ओढावयाची एक सुसज्ज गाडी बांधवून घेतली आणि १८८५ मध्ये तिच्यातून इंग्लंड व स्कॉटलंडचा दीर्घ प्रवास केला. वाटेत अडथळा नाही ना हे पाहण्यासाठी त्यांचा एक सेवक तीनचाकी सायकलीवरून पुढे जात असे. अशा वाहनास प्रचलित असलेला ‘कॅराव्हॅन’ हा शब्द मुळात फारसीतील ‘कारवान’ होय. त्याचा अर्थ एकत्र प्रवास करणाऱ्यांचा जथा. सोबतीची कल्पना त्या शब्दातच आहे.

वाहनाचे प्रकार

कॅराव्हॅनचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात इंजिन, चालकाची जागा व राहण्याची खोली एकाच वाहनात असते. त्यास मोटारघर म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात राहण्याची खोली स्वतंत्र असून ती मोटारीमागे जोडून ओढून न्यावी लागते. ओढावयाच्या कॅराव्हॅनमध्येही एका आसाच्या, दोन आसांच्या, घडीच्या व तंबू उभारण्याच्या अशा तऱ्हा आहेत. वळणावळणाच्या अरुंद घाटात मोटारघर सांभाळणे तुलनेने सोपे जाते. मागे जोडलेली खोली उलट दिशेने हाकणे हे सरावाचे काम आहे. अशा जोडखोलीत प्रवास चालू असताना कोणीही बसू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. या धोरणात वाहन आणि वाहनतळ या दोन्ही बाबींचा विचार केलेला असून त्यांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावयाची आहे. कॅराव्हॅन तळावर पाणी, अंतर्गत रस्ता आणि वाहनास वीजजोडणी या सोयी अभिप्रेत आहेत. हॉटेले बांधणे शक्य वा इष्ट नाही अशा निसर्गरम्य ठिकाणीही पर्यटकांना मुक्काम करता यावा, ही त्यामागील दृष्टी आहे.

वाहन भाड्याने घेणाऱ्याने दोन कागद अवश्य पाहावेत. पहिला चालकाचा परवाना. कायद्याने हलके मोटार वाहन म्हणजे एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे वाहन. मोटारघराचे वजन नोंदणीपुस्तकात पाहून आपला परवाना त्यास पुरतो की नाही याची खात्री करावी. दुसरा कागद वाहनाच्या पर्यटक परवान्याचा. या मार्गावर राज्याची सीमा ओलांडावी लागत असल्याने तो दोन्ही राज्यांत चालणारा असला पाहिजे.

घाटाची चढण व उतरण

असीरगड हा दक्षिणेचा दरवाजा म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला. बुऱ्हाणपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच उठलेला हा किल्ला ज्या खिंडीवर पहारा करी, तिच्यातूनच आजचा रस्ता जातो. केळी व कापूस वाहणाऱ्या मालमोटारींची येथे वर्दळ असते.

मोटारघर साध्या मोटारीहून उंच, लांब आणि जड असते. उंची सुमारे तीन मीटर असल्यास झाडांच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या तारा व गावच्या कमानी यांचा विचार करावा लागतो. वाहनाची नेमकी उंची व रुंदी मोठ्या अक्षरांत लिहून चालकासमोर लावून ठेवणे हा साधा व खात्रीचा उपाय आहे. मागच्या चाकांच्या मागे वाहनाचा बराच भाग लांबलेला असल्यामुळे तीव्र वळणावर तो भाग बाहेरच्या बाजूस झुकतो व कठड्यास घासू शकतो.

चढणीपेक्षा उतरण अधिक धोक्याची आहे. साडेतीन टनांचे वाहन अडीचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती २५ अंश तापमानाचे सुमारे २७ लिटर पाणी उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. ही सारी उष्णता केवळ ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा अनुभवी चालकांचा नियम आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वाहनास मागे खेचून धरते आणि ब्रेकचा भार हलका होतो. इंधन वाचविण्याच्या हेतूने गिअर काढून वाहन उतारावर सोडणे हे जिवावर बेतणारे आहे. ब्रेकमधून जळका वास येऊ लागल्यास रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागी थांबून ते आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. तापलेले लोखंड एकदम थंड झाल्याने तडकण्याचा संभव असतो.

अरुंद डोंगरी रस्त्यावर समोरासमोर आलेल्या वाहनांपैकी उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. मोटारघर सावकाश चालत असल्याने मागे वाहनांची रांग लागते. रुंद जागा मिळताच बाजूस घेऊन त्यांना पुढे जाऊ देणे हे सौजन्याचे व सुरक्षिततेचेही लक्षण होय. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांच्या पात्रात मुक्काम करू नये. डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या कोरड्या पात्रात कसलीही पूर्वसूचना न देता येतो. उन्हाळ्यात या खोऱ्यातील तापमान ४५ अंशांपर्यंत चढते आणि पत्र्याची खोली असह्य तापते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासास सर्वांत अनुकूल आहे.

सोबत्याचे काम

अशा प्रवासात सोबती हा केवळ गप्पागोष्टींसाठी नसतो. वाहन मागे घेताना चालकास मागील बाजू पुरती दिसत नाही. अशा वेळी सोबत्याने खाली उतरून, चालकाच्या आरशात आपण दिसत राहू अशा जागी उभे राहावे. हाताच्या खुणा निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. सोबती आरशातून दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबावे, हा नियम दोघांनीही कसोशीने पाळावा. घाटात आरडाओरडीपेक्षा ठरलेली खूण अधिक उपयोगी पडते, कारण इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत.

शक्य असल्यास दोघांकडेही परवाना असावा आणि दर दोन तासांनी चालक बदलावा. एकच चालक असेल तर त्याने तितक्याच वेळाने विश्रांती घ्यावी. मेळघाटात बऱ्याच टप्प्यांत भ्रमणध्वनीची सेवा मिळत नाही. एक जण आजारी पडल्यास दुसऱ्याला निदान जवळच्या गावापर्यंत वाहन नेता आले पाहिजे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत उपयोगी पडतात. तरीही प्रवासाचा मार्ग व मुक्कामाची गावे घरी लिहून ठेवून निघणे श्रेयस्कर.

मुक्कामाची कामेही वाटून घ्यावीत. एकाने चाकांना उटी लावून वाहन समपातळीत आणावे, दुसऱ्याने पाणी व गॅस पाहावा. निघताना मात्र दोघांनी मिळून एक यादी वाचावी : गॅस बंद, खिडक्या बंद, पायरी आत, वीजतार सोडविलेली, उटी उचललेल्या. अपघातांची कारणे पुष्कळदा या लहान गोष्टींतच सापडतात. दहा-बारा फुटांच्या खोलीत आठवडाभर एकत्र राहावयाचे म्हणजे स्वभावाचीही परीक्षा असते. कामाची वाटणी आधी झालेली असली की कुरबुरीचे निम्मे कारण नाहीसे होते.

पाणी, वीज व गॅस यांचा हिशेब

घरी नळ सोडला की पाणी येते. मोटारघरात ते टाकीत मोजके असते. टाकी १०० लिटरांची आणि दोघांचा काटकसरीचा वापर प्रत्येकी रोज २० लिटर धरला, तर अडीच दिवसांनी टाकी रिकामी होते. टाकी पूर्ण भरल्यास वाहनाचे वजन १०० किलोग्रॅमने वाढते, हेही घाट चढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

विजेचेही तसेच आहे. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास वीज साठते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने हिताचे असते. उरलेल्या ६०० वॅट-तासांत ३० वॅटचा पंखा आठ तास व १० वॅटचा दिवा चार तास चालवून दोन रात्री सहज निघतात. हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र मात्र तीच वीज सुमारे अर्ध्या तासात संपविते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्यास तळाशी हवाझरोका असणे आवश्यक आहे. चालत्या वाहनात सिलिंडरची कळ बंदच असावी. डोंगरातील थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणे प्राणघातक ठरते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास त्याची जाणीवही होत नाही.

सांडपाण्याचा प्रश्न

टाकीतून जेवढे पाणी वापरले जाते, त्यातील पिण्याचा व स्वयंपाकाचा थोडा भाग वगळता बाकी सर्व सांडपाणी होऊन दुसऱ्या टाकीत जमा होते. शौचकूपाची टाकी निराळी असते. वरील हिशेबाने अशी दहा वाहने एका तळावर थांबली तर रोज सुमारे ४०० लिटर पाणी वापरले जाईल. प्रवासी पुढे निघून जातो. त्याचे सांडपाणी कोठे गेले, याची झळ गावास लागते.

बहादरपूर-बुऱ्हाणपूर परिसरात तर या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. रो बुऱ्हाणपुरास आला त्याच सुमारास, जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, येथे कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीव्यवस्था उभारण्यात आली. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळातील या कामाचे श्रेय तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञास दिले जाते. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच अडवून, बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्यात आले. बोगद्यांवर ओळीने शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या खणलेल्या असून त्यांतून हवा व उजेड आत जातो. त्या काळी ना पंप होते, ना वीज. ही व्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली.

या रचनेतून मिळणारा बोध सरळ आहे. डोंगरउतारावर जे ओतले जाईल, ते मुरून खालच्या विहिरीत येईल. शौचकूपाच्या टाकीत दुर्गंधी मारण्यासाठी जी रसायने घालतात, त्यांतील काही जमिनीस व पाण्यास अपायकारक असतात. रात्री अंधारात एखाद्या वळणावर टाकी मोकळी करणाऱ्यास तो उजाड माळ वाटत असेल. प्रत्यक्षात तो कोणाच्या तरी पाणवठ्याचा माथा असतो. मेळघाट हा देशातील अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथील ओढे वन्य प्राण्यांचे आणि कोरकू वस्त्यांचेही पाणवठे आहेत. तेथे वन विभागाने ठरविलेल्या वेळा व मुक्कामाच्या जागा पाळणे हे प्रत्येक प्रवाशावर बंधनकारक आहे.

गावाने काय करावे

कॅराव्हॅन तळासाठी मोठ्या भांडवलाची जरुरी नाही. ज्या ग्रामपंचायतीस अशी सोय करावयाची असेल, तिने प्रथम दोन-तीन वाहनांपुरती समतल, मुरूम टाकून कठीण केलेली जागा निवडावी. जागा विहिरीच्या व ओढ्याच्या वरच्या अंगास नसावी. तेथे पिण्याच्या पाण्याचा नळ, सुरक्षित वीजजोडणी व रात्रीचा दिवा असावा. धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी शोषखड्डा करावा आणि तो विहिरीपासून निदान १५ मीटर दूर ठेवावा. शौचकूपाची टाकी शोषखड्ड्यात कदापि रिकामी करू देऊ नये. तीसाठी बंदिस्त टाकी असावी व तिचा उपसा मैला-प्रक्रिया केंद्राकडे जाण्याची व्यवस्था असावी. ही व्यवस्था नसेल तर तसा स्पष्ट फलक लावावा; प्रवाशास पुढील सोयीपर्यंत टाकी बंद ठेवता येते.

आकार किती घ्यावा हे ग्रामसभेत ठरवून तो फलकावर लिहावा. पाणीटंचाईच्या महिन्यांत किती वाहनांना थांबू द्यावयाचे याची मर्यादाही ग्रामसभेनेच घालावी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरने पाणी येते, तेथे पर्यटकाची टाकी भरून देण्यापूर्वी गावच्या घागरींचा विचार झाला पाहिजे. प्रवासी स्वयंपाकघर बरोबर आणत असला तरी दूध, भाजी, केळी, ज्वारीचे पीठ तो वाटेतच विकत घेतो. महिला बचत गटांस तयार भोजनाची आणि परिसराची माहिती असलेल्या तरुणांस वाटाड्याची कामे मिळू शकतात. एवढी आवक झाली तरच तळाचा खर्च गावास परवडेल.

शिक्षकांनाही या विषयाचा उपयोग आहे. उतारावरील वाहनाची ऊर्जा, बॅटरीतील वीज, टाकीतील पाणी यांची गणिते वर्गात मांडता येतील. गावातील विहिरी कोठे आहेत, पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून येते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास तळाची जागा निवडताना ग्रामपंचायतीस त्याचा आधार मिळेल. तालुका स्तरावरील अधिकाऱ्यांनी परवानगी देताना जागेइतकेच सांडपाण्याच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यावे आणि ती व्यवस्था पावसाळ्यापूर्वी व हंगामापूर्वी अशी वर्षातून दोनदा प्रत्यक्ष पाहावी.

सातपुड्याच्या या वाटांवरून फौजा गेल्या, तांडे गेले, वकील आणि व्यापारी गेले. त्यांच्या मुक्कामांसाठी त्या काळच्या कारभाऱ्यांनी सराया बांधल्या. बुऱ्हाणपुरातील अकबरी सराई त्याची साक्ष देते. आता येणाऱ्या प्रवाशाचे छप्पर त्याच्याबरोबर आहे. त्याला हवी आहे ती सपाट जागा, स्वच्छ पाणी आणि टाकी रिकामी करण्याचे योग्य ठिकाण. ही सोय वेळीच झाली, तर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावांना या प्रवासातून चार पैसे मिळतील व त्यांच्या विहिरींचे पाणीही निर्मळ राहील.